घरचा केक, घरची नानकटाई आणि ऑफिसचा डबा: सहकाऱ्यांसाठी बेकिंग कसं करावं

ओव्हनमधून नुकताच निघालेला केक जवळजवळ कुठलाही चांगला लागतो. ऑफिसातल्या माणसांना मात्र तो तसा मिळत नाही. रात्री दहाला भाजलेला केक त्यांच्या हातात पडतो दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या चहाला. मधल्या अठरा तासांत तो रात्रभर ओट्यावर राहतो, तासभर लोकलमध्ये किंवा स्कूटरवर हादरे खातो आणि मग एसीच्या कोरड्या हवेत उघडा पडतो. म्हणून ऑफिससाठी बेक करताना पहिला विचार अठरा तासांनंतरचा करायचा. पदार्थ कोणता, त्यात तेल की तूप, तुकडे केव्हा पाडायचे, डबा कोणता, हे सगळं त्यावरून ठरतं.

काय न्यावं, काय नेऊ नये

ऑफिससाठीचा पदार्थ चमच्याशिवाय खाता यावा, फ्रिजशिवाय टिकावा आणि दोन-तीन घासांत संपावा. नानकटाई, जिरा बिस्किटं, भाजलेली शंकरपाळी, रवा केक, केळ्याचा केक आणि ब्राउनी हे सगळे यात बसतात. गोव्याकडचा रवा-नारळाचा बाथही उत्तम, कारण तो दुसऱ्या दिवशी जास्त मुरलेला लागतो. त्यात ओला नारळ आणि बहुतेक वेळा अंडं असतं, त्यामुळे तो मे महिन्यात दोन-दोन दिवस बाहेर ठेवू नये आणि अंड्याचं आधी सांगावं.

क्रीमचा केक, चीजकेक, कस्टर्ड भरलेले पदार्थ आणि कच्च्या अंड्याचं मूस घरीच खावं. ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू वेगाने वाढतात आणि दूध, क्रीम, अंडं ही त्यांची आवडती जागा. असा पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त फ्रिजबाहेर राहू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त नाही. डोंबिवलीहून चर्चगेटला पोचेपर्यंतच ही मुदत संपते. ऑफिसच्या फ्रिजवर भिस्त ठेवण्यातही अर्थ नाही. तो दिवसभर उघडझाप होत असतो आणि आतल्या मासळीच्या, लसणीच्या डब्यांचा वास क्रीमला लगेच लागतो.

बटाटा किंवा पनीर भरलेले बन न्यायचे तर सकाळी भाजून दुपारच्या आत संपवावेत. खारी पावसाळ्यात नेऊच नये, डबा दोनदा उघडला की ती मऊ पडते.

किती माणसं, कोणता वार

माणसं मोजताना आपली टीम मोजून थांबू नका. पॅन्ट्री सांभाळणारे, सफाई करणाऱ्या ताई, दारावरचे सिक्युरिटीवाले, शेजारच्या टेबलावरची दुसऱ्या विभागातली दोघं-तिघं, हे सगळे तो वास घेणार आहेत. त्यांच्यासमोरून डबा नेऊन त्यांना वगळणं हे न आणण्यापेक्षा वाईट. वीस जणांची टीम असेल तर तीस तुकडे धरा. केकचा तुकडा ४० ते ५० ग्रॅमचा, बिस्किट २० ग्रॅमचं. तुकडा मोठा केला तर अर्धा खाऊन अर्धा टिश्यूत गुंडाळलेला टेबलावर राहतो. लहान असेल तर ज्याला हवं तो दुसरा घेतो.

वार निवडणं आपल्याकडे खरोखर महत्त्वाचं. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपती-देवीचा, गुरुवार दत्ताचा किंवा साईबाबांचा, शनिवार मारुतीचा. कोणाचा ना कोणाचा उपास निघतो. बुधवार आणि शुक्रवार त्यातल्या त्यात मोकळे. तरीही आदल्या दिवशी कालनिर्णय उघडून संकष्टी किंवा एकादशी नाही ना, एवढं पाहून घ्या. श्रावण आणि नवरात्रात नेहमीचा केक न्यायचाच असेल तर उपासवाल्यांसाठी राजगिऱ्याच्या पिठाची, तुपातली बिस्किटं वेगळ्या डब्यात न्यावीत. त्यात बेकिंग पावडर घालू नये, कारण ती उपासाला चालते की नाही यावर घरोघरी मतं वेगळी आहेत. शिवाय बाजारच्या पावडरीत बहुधा मक्याचं पीठ असतं. रमजानमध्ये रोजा असलेल्या सहकाऱ्याला दुपारी चारला आग्रह करायचा नाही. त्यांचे दोन-तीन तुकडे वेगळे बांधून निघायच्या वेळी हातात द्यावेत.

वेळ चहाची. अकराला चालतं, साडेतीन-चार सगळ्यात बरं. एकला, जेवणाच्या तोंडावर डबा उघडला तर घरून आणलेली पोळी-भाजी परत जाते.

अंडं, जैन, ॲलर्जी: आधी विचारायचं

पहिल्यांदा नेताना बिनअंड्याचाच पदार्थ करावा. महाराष्ट्रातल्या कुठल्याही ऑफिसात अंडं न खाणारे चार-पाच जण तरी असतात, आणि मासे खाणाऱ्यांतही मंगळवारी अंडं टाळणारे असतात. पाकिटबंद पदार्थांच्या सरकारी नियमांतही अंडं असलेला पदार्थ मांसाहारीतच धरला जातो. अंड्याचा आणि बिनअंड्याचा असे दोन्ही नेत असाल तर डबे वेगळे, सुरी वेगळी, चिमटा वेगळा. कोणी विचारलं की ‘हे भांडं अंड्याच्या केकसाठी वापरता का?’, तर खरं ते सांगा.

जैन सहकारी असतील तर गाजराचा केक आणि ओलं आलं घातलेली बिस्किटं बाद. मधही बरेच जण खात नाहीत. आदल्या दिवशीचं दही, यीस्ट, चातुर्मासातले नियम हे घराघरांत बदलतात, त्यामुळे अंदाज बांधण्यापेक्षा थेट विचारावं. सूर्यास्तानंतर न खाणारे असतात, म्हणून संध्याकाळी सातच्या वाढदिवसापेक्षा चारचा चहा त्यांना सोयीचा.

काही घटक लपून येतात. जेलीच्या गोळ्या आणि मार्शमेलो यांत बहुधा जिलेटिन असतं आणि ते प्राण्यांपासून काढतात. काही व्हॅनिला इसेन्स अल्कोहोलमध्ये बनवलेले असतात, बाटलीवर वाचा. नाताळच्या रम केकचं तर स्पष्ट सांगायलाच हवं. भाजल्यावर दारू सगळी उडून जाते ही समजूत चुकीची आहे, थोडी राहतेच.

ॲलर्जीचा प्रश्न आपल्याकडे अजून हसण्यावारी नेला जातो, तो नेऊ नये. शेंगदाण्याच्या ॲलर्जीने माणूस दवाखान्यात पोचू शकतो. आपल्या स्वयंपाकघरात शेंगदाणा ओट्यावर, मिक्सरमध्ये, तेलात सगळीकडे असतो. दाण्याचं कूट वाटलेल्या भांड्यात पिठीसाखर दळली की तो तिच्यातही आला. केकसाठी शेंगदाणा तेल वापरू नका. एक तर त्याचा वास केकला राहतो, आणि दुसरं म्हणजे खाणाऱ्याला केकमध्ये शेंगदाणा असेल असं वाटतही नाही. सूर्यफुलाचं तेल घ्या. काजू, बदाम, पिस्ते घातलेच तर वरून दिसतील असे लावा, आत बारीक पूड करून लपवू नका.

मधुमेह असलेल्यांना ‘गुळाचा आहे, चालतो’ असं सांगून तुकडा देऊ नये. गुळानेही रक्तातली साखर वाढते. तुकडा लहान ठेवा, त्यात काय आहे ते सांगा आणि खायचं की नाही हे त्यांना ठरवू द्या.

हे सगळं विचारायला दोन दिवस आधीचा एक मेसेज पुरतो: ‘परवा बुधवारी चार वाजता रवा केक आणतेय. अंडं नाही. गहू, दूध, दही आहे. काजू-शेंगदाणे नाहीत. कोणाला काही चालत नसेल तर मला एकटीला कळवा.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं. आजार किंवा व्रत ग्रुपवर जाहीर करायला अनेकांना आवडत नाही.

नानकटाई: ३६ नग

नवशिक्याने ऑफिससाठी सुरुवात हिच्यापासूनच करावी. ती आठवडाभर टिकते, डब्यात उभी-आडवी कशीही राहते आणि रविवारी करून बुधवारी नेली तरी काही बिघडत नाही. दिवाळीच्या आधी मैदा, साखर, तुपाचे डबे घेऊन बेकरीपुढे रांग लावायची आणि भट्टीतून बिस्किटं भाजून आणायची ही आपल्याकडची जुनी पद्धत. काही गावांत बेकरीवाले अजून तसं भाजून देतात. घरी ओव्हन नसेल तर विचारून पाहा.

साहित्य वजनाने घ्या. वाटीने मैदा मोजला तर दाबून भरलेल्या आणि हलक्या भरलेल्या वाटीत सहज वीस-पंचवीस ग्रॅमचा फरक पडतो, आणि नानकटाई तेवढ्यानेही बिघडते.

मैदा २६० ग्रॅम
बेसन ६० ग्रॅम
बारीक रवा ३० ग्रॅम
पिठीसाखर १७० ग्रॅम
साजूक तूप २०५ ग्रॅम
बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा
वेलची पूड १ छोटा चमचा, थोडं जायफळ, चिमूटभर मीठ

(छोटा चमचा म्हणजे ५ मिलीचा.)

बेसन मंद आचेवर चार-पाच मिनिटं कोरडंच भाजून पूर्ण गार करा, नाहीतर कच्चट वास राहतो. तूप थिजलेलं पण बोटाने सहज दबेल असं हवं. पातळ तुपात केलेली नानकटाई ट्रेवर पसरून चपटी होते. उन्हाळ्यात तूप वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, थंडीत घट्ट असेल तर गरम न करता चमच्याने फेटत राहा. तूप आणि पिठीसाखर एकत्र पाच-सहा मिनिटं फेटल्यावर रंग पांढुरका होतो. मग बेसन, मैदा, रवा, बेकिंग पावडर, मीठ, वेलची, जायफळ एकत्र चाळून दोन वेळा घाला. रवा चाळणीत राहिला तर वरून टाका. आता मळायचं नाही. बोटांनी गोळा करत जायचं, गोळा झाला की थांबायचं. मळलं की मैद्याला चिवटपणा येतो आणि नानकटाई तोंडात विरघळत नाही.

गोळा झाकून अर्धा तास ठेवा, उन्हाळ्यात फ्रिजमध्ये. ओव्हन १६५ अंशांवर १५ मिनिटं तापवा.

पुढची पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग सगळा घाणा वाया जातो: आधी एकच नानकटाई भाजून बघा. ती पसरून पातळ झाली तर पिठात दोन मोठे चमचे मैदा मिसळा. सगळीकडून तडकून भुगा होत असेल तर छोटा चमचाभर तूप घाला. वरून हलक्या चिरा पडल्या आणि आकार राहिला, तर पीठ बरोबर आहे. तुपातुपांत फरक असतो, म्हशीचं घट्ट आणि गाईचं मऊ. त्यामुळे ग्रॅम बरोबर असूनही ही चाचणी लागतेच.

बाकीच्या पिठाचे २० ग्रॅमचे गोळे करा, जरासे दाबा आणि मध्ये तीन बोटांचं अंतर ठेवून ट्रेवर मांडा. २८-३० लिटरच्या ओटीजीत (घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये) एका वेळी १२ ते १५ बसतात, म्हणजे तीन घाणे. वाट पाहणारे गोळे फ्रिजमध्ये ठेवा. मधल्या खणात १८ ते २२ मिनिटं. रंग वरून नाही, खालून बघायचा: वर फिकट, खाली हलकी सोनेरी. वर सोनेरी होईपर्यंत थांबलात तर गार झाल्यावर कडक होते. वरची कांडी फार तापत असेल तर ट्रे एक खण खाली घ्या.

बेकिंग पावडरऐवजी खाण्याचा सोडा घालत असाल तर हात सैल सोडू नका. सोडा जास्त झाला की नानकटाई पसरते, काळपट होते आणि साबणासारखी चव येते. दाणेदार साखर वापरली तरी पसरते, ती नीट दळून चाळून घ्या.

गरम नानकटाई उचलली की मोडते. दहा मिनिटं ट्रेवरच राहू द्या, मग जाळीवर तासभर. कोमट असताना डबा बंद केला तर आतल्या वाफेने सकाळी मऊ झालेली सापडेल. तसं झालंच तर १४० अंशांवर आठ मिनिटं पुन्हा भाजून पूर्ण गार करा, खुसखुशीतपणा परत येतो. पावसाळ्यात पहिल्यांदाच दोन-तीन मिनिटं जास्त भाजा.

रवा केक: २३ सेंमीच्या चौकोनी भांड्यात २५ तुकडे

ऑफिससाठी रवा केक मैद्याच्या केकपेक्षा उजवा. रवा दह्याचं पाणी धरून ठेवतो, म्हणून दुसऱ्या दिवशी तो कोरडा पडत नाही आणि सुरीने स्वच्छ कापला जातो. गोल भांडं नको. गोल केकचे तुकडे कमी-जास्त होतात आणि डब्यात जागा वाया जाते.

बारीक रवा ३०० ग्रॅम
मैदा ६० ग्रॅम
ताजं दही ३०० ग्रॅम
पिठीसाखर २२० ग्रॅम
सूर्यफूल तेल १२० मिली
दूध १५० ते २०० मिली
बेकिंग पावडर १ छोटा चमचा
खाण्याचा सोडा अर्धा छोटा चमचा
वेलची पूड, चिमूटभर मीठ

दही आणि साखर फेटून त्यात तेल घाला, मग रवा आणि १०० मिली दूध घालून अर्धा तास झाकून ठेवा. ही वेळ कमी करू नका. न भिजलेला रवा भांड्याच्या तळाशी बसतो आणि केकच्या खाली चिकट थर तयार होतो. अर्ध्या तासाने मिश्रण बरंच घट्ट झालेलं असेल. उरलेलं दूध थोडं थोडं घालून ते इडलीच्या पिठाइतकं सैल करा.

आता ओव्हन १७० अंशांवर तापत ठेवा. भांड्याला बटर पेपर असा लावा की दोन बाजूंनी कागदाची टोकं बाहेर लोंबतील. भाजल्यावर अख्खा केक त्या टोकांना धरून उचलता येतो. भांडं ओव्हनमध्ये घालून आधीच बघून घ्या. चारही बाजूंनी दोन-तीन सेंमी जागा मोकळी हवी, नाहीतर गरम हवा फिरत नाही आणि कडा जळून मध्य कच्चा राहतो.

ओव्हन तापला की मैदा, बेकिंग पावडर, सोडा, मीठ आणि वेलची चाळून मिश्रणात घाला, तीस-चाळीस वेळा ढवळा आणि लगेच भांड्यात ओतून आत सरकवा. दह्याचा आंबटपणा आणि सोडा भेटले की बुडबुडे सुरू होतात. मिश्रण ओट्यावर पंधरा मिनिटं राहिलं तर ते बुडबुडे हवेत जातात आणि केक बसका होतो. मधल्या खणात ३५ ते ४० मिनिटं. पहिली २५ मिनिटं दार उघडायचं नाही. मध्यभागी खुपसलेली काडी कोरडी निघाली आणि कडा भांड्यापासून सुटल्या की झाला.

गरम असतानाच तीन मोठे चमचे पाण्यात दोन मोठे चमचे साखर विरघळवून तो पाक ब्रशने वर लावा. एसीत वरचा थर सुकतो, त्यावर हा उपाय चांगला चालतो.

केक मध्ये खचला तर तीन कारणं: दार लवकर उघडलं, सोडा जास्त झाला किंवा पूर्ण भाजला नाही. वर डोंगर होऊन तडकला तर ओव्हन फार गरम आहे. ओटीजीच्या खुंटीवरचा आकडा आणि आतलं तापमान यांत वीस अंशांचाही फरक असू शकतो, म्हणून आत ठेवायचा थर्मामीटर घेणं फायद्याचं. भुसभुशीत होऊन तुकडे पडले तर दही घट्ट चक्क्यासारखं होतं किंवा भाजणं जास्त झालं.

आंब्याच्या दिवसांत दही २०० ग्रॅम, हापूसचा रस २०० ग्रॅम, साखर १९० ग्रॅम आणि दूध १०० मिलीपर्यंत घ्या. हा केक ओलसर असतो. रात्री भाजून दुसऱ्या दिवशी संपवावा, तिसऱ्या दिवसासाठी ठेवू नये.

मायक्रोवेव्हच्या कन्व्हेक्शन मोडवर हाच केक होतो, खालच्या जाळीवर ठेवून. धातूचं भांडं फक्त कन्व्हेक्शनवर, तेही त्या कंपनीच्या पुस्तिकेत चालतं म्हटलं असेल तरच. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर, त्यावर स्टँड, झाकण लावून दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवा. मग भांडं ठेवून मंद आचेवर ५० ते ६० मिनिटं. रंग वरून फिकट राहतो, चव तीच. कढईत मावणारं भांडं लहान असतं, त्यामुळे प्रमाण अर्धं करून दोनदा भाजा.

कापणं आणि भरणं

केक जाळीवर किमान दोन तास, पूर्ण गार होईपर्यंत. रात्रभर अख्खाच ठेवा, स्वच्छ फडक्यात आणि वर झाकण. मुंग्यांचं घर असेल तर डबा परातीत थोडं पाणी घालून त्यात. सकाळी करवतीच्या सुरीने पाच बाय पाच कापा, प्रत्येक चिरेनंतर सुरी पुसा. ब्राउनी असेल तर कापायच्या आधी अर्धा तास फ्रीझरमध्ये, कडा सरळ येतात. कापलेले तुकडे पुन्हा एकमेकांना चिकटून अख्ख्या केकसारखेच डब्यात बसवा. उघड्या बाजू कमी राहतात, म्हणून ते सुकत नाहीत.

डबा चपटा, शक्यतो स्टीलचा, घट्ट झाकणाचा. प्लॅस्टिकच्या जुन्या डब्याला लोणच्याचा वास धरलेला असतो आणि तो दोन तासांत केकला लागतो. एकच थर. दुसरा थर करावाच लागला तर मध्ये बटर पेपर. वर्तमानपत्र अजिबात नाही. छपाईची शाई तुपात सहज उतरते आणि अन्न वर्तमानपत्रात बांधायला २०१८च्या पॅकेजिंग नियमांनी मनाई आहे. नानकटाईखाली पेपर घालायची सवय अजून अनेक घरांत दिसते, ती सोडायला हवी.

मऊ केक किंवा वर काही लावलेले कपकेक असतील तर डबा उलटा वापरा. तुकडे झाकणावर मांडा आणि डब्याचा खोल भाग वरून टोपीसारखा बसवा. काढताना बोटं आत खुपसावी लागत नाहीत. नानकटाईच्या डब्यात वर रिकामी जागा राहिली तर टिश्यू पेपर चुरगळून भरा, म्हणजे ती हलून तुटत नाही.

प्रवास

लोकलच्या गर्दीत केकचा डबा पाठपिशवीत उभा जातो आणि केकचा लगदा होतो. सपाट बुडाची कापडी पिशवी घ्या, गाडीत शिरताच ती रॅकवर आडवी ठेवा आणि वर कोणी बॅग टाकणार नाही अशी कडेची जागा बघा. गर्दीच्या वेळी रॅकपर्यंत हात पोचणार नसेल तर त्या दिवशी नानकटाईच न्यावी.

स्कूटरच्या डिकीत चॉकलेटचं काही ठेवू नका. बऱ्याच गाड्यांत खालच्या इंजिनाची ऊब सीटखाली येते, त्यात उन्हात उभी गाडी. डबा पायांपाशी सपाट ठेवा किंवा मागच्या माणसाच्या मांडीवर. गतिरोधकांवर वेग कमी करणं डब्यासाठीही गरजेचं.

ऑफिसात मांडताना

कारखान्याचा मजला, प्रयोगशाळा, काही कॉल सेंटर इथे टेबलावर खायला बंदी असते. पॅन्ट्रीत मांडणं सगळीकडेच बरं. कीबोर्डवर रव्याचे कण पडत नाहीत आणि ज्याला खायचं नाही त्याला नाही म्हणण्याची वेळ येत नाही. डब्याशेजारी चिठ्ठी ठेवा, मराठी-हिंदी-इंग्रजी जे ऑफिसात चालतं त्यात:

रवा केक. अंडं नाही.
रवा, मैदा, दही, दूध, साखर, सूर्यफूल तेल, वेलची.
गहू आणि दूध आहे. घरात शेंगदाणे-काजू वापरले जातात.
भाजला: मंगळवार रात्री.

शेवटून दुसरी ओळ गाळू नका. पदार्थात दाणे नसले तरी घरात असतात, आणि तीव्र ॲलर्जी असलेल्या माणसाला तेवढी माहिती निर्णयाला पुरते.

सोबत चिमटा आणि कागदी टिश्यू. सगळ्यांनी बोटांनी उचलण्यापेक्षा हे स्वच्छ. तुकडा घेऊन झाला की डबा पुन्हा झाकायचा, एसीत अर्ध्या तासात कडा वाळतात. दुसऱ्या शिफ्टचे, साइटवर गेलेले यांचे तुकडे वाटपाच्या आधीच एका छोट्या डब्यात नाव लिहून बाजूला काढा. नंतर उरलेले ठेवू म्हटलं तर उरत नाहीत.

आग्रह एकदाच करावा. आपल्याकडे जेवायला वाढताना तीनदा आग्रह करायची रीत आहे, ती इथे आणू नये. साहेबांनी किंवा मॅडमनी स्वतः आणलेला केक असेल तर विशेषच, कारण हाताखालच्या माणसाला नाही म्हणणं जड जातं. आणि ‘कसा झालाय?’ हे प्रत्येकाला विचारत फिरू नका. त्याऐवजी एखाद्या विश्वासातल्या सहकाऱ्याला दुसऱ्या दिवशी नेमकं विचारा: गोड जास्त होता का, खाली चिकट लागला का, तुकडा मोठा होता का. तेवढ्यावरून पुढचं प्रमाण सुधारता येतं.

महिन्यातून एकदा पुरे. दर आठवड्याला नेलं की बाकीच्यांना आपणही काहीतरी आणायला हवं असं ओझं वाटू लागतं, आणि ज्यांच्या घरी ओव्हन किंवा वेळ नाही ते अवघडतात. कोणी तुमचा डबा घरी नेला तर आपल्या रीतीप्रमाणे तो रिकामा परत येणार नाही, चार करंज्या किंवा निदान चिमूटभर साखर घालून येईल. ती आनंदाने घ्या, पण पुढच्या वेळी कागदी खोक्यात द्या.

पाच वाजेपर्यंत उरलेलं रात्रपाळीच्या सिक्युरिटीवाल्यांना विचारून द्या, कशात काय आहे ते सांगून. रिकामा डबा त्याच दिवशी घरी न्या, पॅन्ट्रीच्या सिंकमध्ये सोडू नका.

पैसे घेऊन करायची विचारणा बहुधा तिसऱ्या-चौथ्या वेळी होते: ‘मुलीच्या वाढदिवसाला करून देशील का?’ भेट म्हणून एखादा केक करून देणं वेगळं. नियमित पैसे घेऊन ऑर्डर घ्यायच्या ठरल्या तर एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागते, घरच्या स्वयंपाकघरातून काम असलं तरी, आणि ती ऑनलाइन करता येते. आपल्या नोकरीच्या करारात जोडधंद्याबद्दल काय लिहिलंय तेही पहिली ऑर्डर घेण्याआधी वाचा. दरात फक्त मैदा-तूप धरू नका. वीज, बटर पेपर, खोका आणि तुमचे तीन तास हेही त्यात यायला हवेत, नाहीतर दुसऱ्या महिन्यात केक करणं नकोसं होतं.